गँगवे ओलांडताना: क्रूझवरच्या सुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

क्रूझविषयी येणाऱ्या पत्रांत जेवण, केबिन आणि बोट लागणं हे नेहमीचे विषय. या वेळी मात्र तपासणी, काढून घेतलेल्या वस्तू, जमा केलेले पासपोर्ट आणि ऐन वेळी वगळलेली बंदरं यांवरच प्रश्न आले, म्हणून हा अंक सुरक्षेला दिला आहे. नियम कंपनीगणिक थोडे बदलतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : जहाज संध्याकाळी पाचला सुटतं आणि आम्हाला बंदरावर येण्याची वेळ दुपारी साडेबाराची दिली आहे. साडेचारला पोचलो तर काय बिघडेल? इतक्या आधी बोलावून ठेवतात कशाला?

साडेचारला पोचलात तर जहाज दिसेल, चढता येणार नाही. पाचला सुटणं म्हणजे पाचला दोर सोडणं. प्रवाशांसाठी दार त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. कारण यादी. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराप्रमाणे प्रवासी जहाज निघण्यापूर्वी त्यावरच्या प्रत्येक माणसाची मोजणी व्हावीच लागते, आणि अनेक देशांना ही अंतिम यादी जहाज सुटण्याआधी हवी असते. अमेरिकी बंदरांतून ती सुटण्याच्या 60 मिनिटं आधी जावी लागते. एकदा यादी गेली की काउंटरवरच्या माणसाच्या हातात काही उरत नाही, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

साडेबाराच्या वेळेचं कारण साधं आहे. सगळ्यांत मोठ्या जहाजांवर सात हजारांहून जास्त प्रवासी मावतात आणि एक्स-रे मशीन मोजकीच असतात. म्हणून वेळा वाटून देतात. दिलेल्या वेळेच्या खूप आधी गेलात तर बाहेर उभं राहावं लागेल; थोडं उशिरा गेलात तर सहसा कुणी अडवत नाही.

आत गेल्यावरचा क्रम बहुतेक सगळीकडे सारखाच. मोठ्या बॅगा धक्क्यावर पोर्टरकडे द्यायच्या. त्यांवर केबिन नंबरचा टॅग हवा. त्या वेगळ्या एक्स-रेतून जहाजात जातात. तुम्ही हातातली बॅग घेऊन मेटल डिटेक्टरमधून जाता, मग काउंटरवर पासपोर्ट, व्हिसा आणि ऑनलाइन चेक-इनचा कागद दाखवता, तिथेच (किंवा आधी अ‍ॅपवर) तुमचा फोटो घेतला जातो आणि कार्ड किंवा मनगटपट्टी मिळते. गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जाणाऱ्या पुलावर, ते स्कॅन झालं की तुम्ही जहाजाच्या हिशेबात ‘आत’.

अडतं ते बहुतेक वेळा कागदांवर, बॅगेवर क्वचित. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा काढला आणि चेक-इनमध्ये जुनाच नंबर राहिला. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बुकिंगमध्ये नाव-आडनाव उलटं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी. हे घरी बसून पाच मिनिटांत तपासता येतं. आणि पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवू नका. दर फेरीला कुणीतरी हे करतंच, आणि मग हजारो बॅगांच्या ढिगातून एक बॅग शोधेपर्यंत तो माणूस काउंटरसमोरच्या खुर्चीवर. औषधं, दागिने आणि एक जोड कपडेही हातातच ठेवा. मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला कधी कधी रात्रीच्या जेवणाची वेळ होते.

प्रश्न : आमची एक बॅग केबिनपर्यंत आलीच नाही. विचारल्यावर खालच्या डेकवर नेऊन ती आमच्यासमोर उघडली आणि इस्त्री व एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला. इस्त्रीचं समजू शकतो. पण एक्स्टेन्शन बोर्डात कसली आलीय सुरक्षा?

बोर्डावर ‘सर्ज प्रोटेक्टर’ असं लिहिलेलं असणार. तसं असेल तर त्यांनी बरोबर केलं, आणि कारण विजेच्या मांडणीत आहे.

घरच्या वायरिंगमध्ये दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, जमिनीला जोडलेली असते. जहाजात बहुधा तसं नसतं. दोन्ही तारा जहाजाच्या लोखंडी सांगाड्यापासून सुट्या ठेवतात. हेतू असा की एखाद्या तारेचं इन्शुलेशन गेलं आणि ती सांगाड्याला टेकली तरी फ्यूज उडू नये. भर समुद्रात एका बिघाडापायी सुकाणूचा पंप बंद पडणं परवडत नाही. बिघाडाचा दिवा लागतो, इंजिनीअर जागा शोधतात, तोवर वीज चालू.

आता सर्ज प्रोटेक्टरच्या आत तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक छोटा चकतीसारखा भाग असतो. विजेचा दाब वाढला की तो वीज अर्थिंगकडे वळवतो. जहाजावर एका तारेचा सांगाड्याशी संबंध आला की दुसऱ्या तारेचा पूर्ण दाब या चकतीवर येतो. चकतीतून वीज वाहू लागते, ती तापते, आणि फ्यूज उडत नसल्यामुळे तापतच राहते. भोवती प्लास्टिकचा डबा, शेजारी पडदा. शिवाय अशा बोर्डांचा स्विच बहुधा एकच तार तोडतो. दुसरी जिवंत राहते आणि बंद केलेला बोर्ड प्रत्यक्षात बंद नसतो. अमेरिकी तटरक्षक दलाने 2013 मध्ये याविषयी इशाराच काढला होता.

इस्त्री, स्टीमर, मेणबत्त्या, तापणाऱ्या तारेची किटली किंवा कॉफी मशीन हेही याच भीतीपोटी बंद. समुद्रातल्या आगीला बाहेरून बंब येत नाही. पर्याय म्हणजे चार-पाच यूएसबी तोंडांचा, वायर नसलेला चार्जर. तो सहसा चालतो. साध्या, सर्ज नसलेल्या एक्स्टेन्शनलाही काही कंपन्या आता नाही म्हणतात, तेव्हा यादी पाहूनच न्या. झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल तर कंपनीला आधी कळवा. योग्य एक्स्टेन्शन आणि डिस्टिल्ड वॉटर बहुतेक जहाजं सांगितल्यावर देतात.

काढून घेतलेली वस्तू पावती देऊन ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत मिळते. पावती जपून ठेवा. मुळातच बेकायदा वस्तू मात्र परत मिळत नाहीत.

प्रश्न : विमानात नेता येत नाही ते जहाजावर नेता येतं का? पाण्याची बाटली, शाम्पू, फळं कापायची सुरी, दारू?

100 मिलीचा विमानातला नियम इथे नाही. शाम्पूची मोठी बाटली खुशाल न्या. अनेक कंपन्या 10 सेंटिमीटरपेक्षा लहान पात्याचा चाकू आणि कात्रीही चालवून घेतात. पण बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर तिथला नियम लागतोच, आणि परतीच्या विमानात पुन्हा लागतो. लोक हा परतीचा भाग विसरतात.

दारूचा नियम सुरक्षेपेक्षा बारच्या गल्ल्यासाठी आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही. तरी एक्स-रेवरचा माणूस तो पाळतो. चढताना प्रौढ माणशी 750 मिलीची वाइनची एक बाटली अनेक कंपन्या नेऊ देतात, बाकीची मद्यं नाहीत. वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली गँगवेवर काढून ठेवतात आणि शेवटच्या रात्री किंवा सकाळी देतात. शाम्पूच्या किंवा माउथवॉशच्या बाटलीत दारू भरून नेण्याची युक्ती तपासनिसांना पाठ आहे.

गांजा आणि त्यापासून केलेली उत्पादनं, सीबीडी तेल धरून, नेऊ नका. निघण्याच्या ठिकाणी कायदेशीर असली किंवा डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बहुतेक कंपन्या ती चालवून घेत नाहीत, आणि वाटेतल्या बंदराचा कायदा वेगळा असतो. काही बंदरांवर गँगवेशी कुत्री उभी असतात. ड्रोन बहुधा जमा करून घेतात.

बाकी औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. इन्सुलिनच्या सुया चालतात. केबिन सांभाळणाऱ्याला सांगितलं तर वापरलेल्या सुयांसाठी डबा मिळतो. त्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कचरा हाताने निवडला जातो.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे आणि ते व्हीलचेअर वापरतात. रोज बंदरावर उतरून चढताना प्रत्येक वेळी तपासणी होणार का?

हो, प्रत्येक वेळी. उतरताना फक्त कार्ड स्कॅन होतं, परतताना बॅग एक्स-रेत आणि माणूस डिटेक्टरमधून जातो. पेसमेकरचं ओळखपत्र हातात ठेवा आणि डिटेक्टरपाशी पोचण्याआधीच सांगा. हाताने तपासणी होईल. गुडघ्यात किंवा खुब्यात धातू असेल तरी हेच. विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या बॅटरीचा प्रकार बुकिंगच्या वेळीच विचारतात. छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेणारी, म्हणजे टेंडरची, बंदरं असतील तर जड खुर्ची तिथे सहसा उतरवत नाहीत. हे आधी कळलेलं बरं.

प्रश्न : चढल्यावर आमचे पासपोर्ट पर्सरच्या (जहाजाचे हिशेब आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) माणसांनी घेतले. परक्या देशात पासपोर्टशिवाय फिरायचं, हे कायद्याला धरून आहे का?

काही मार्गांवर हीच पद्धत आहे. पुढच्या बंदरातल्या इमिग्रेशनला सगळ्या जहाजाचे पासपोर्ट एकगठ्ठा पाहायचे असतात. पर्सरच्या कार्यालयातून ते काम झालं तर हजारो माणसांना रांगेत उभं राहावं लागत नाही. घेताना पावती मिळते का पाहा, आणि त्याआधी फोटोच्या व व्हिसाच्या पानाचा फोटो काढून ठेवा. एक छापील प्रतही पाकिटात असू द्या, कारण फोन पाण्यात पडतो किंवा त्याची बॅटरी संपते.

उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं एखादं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. अनेक बंदरांच्या फाटकावर पहारेकरी दोन्ही पाहतो आणि कार्डाशिवाय जहाजाच्या दिशेने जाऊ देत नाही. एखाद्या बंदरावर मूळ पासपोर्टच लागणार असेल तर आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात तसं छापलेलं असतं.

व्हिसाचा एक सापळा या निमित्ताने सांगून ठेवतो. जहाज एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या प्रदेशातून बाहेर पडून परत त्याच प्रदेशात येत असेल, उदाहरणार्थ इटलीहून इस्तंबूल आणि पुन्हा ग्रीस, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. अनेकदा प्रवेश देणारा लागतो. तुम्ही बंदरावर न उतरता जहाजातच बसून राहणार असलात तरी कंपनी चढतानाच अडवू शकते, कारण व्हिसा नसलेला प्रवासी आणल्याचा भुर्दंड तिलाच बसतो.

प्रश्न : बंदरावर फिरायला गेलेल्यांना सोडून जहाज निघून जातं असं ऐकतो. खरंच सोडतात का? आत किती माणसं आहेत हे त्यांना कळतं कसं?

कार्डामुळे कळतं. गँगवेवर कार्ड टेकवलं की पडद्यावर तुमचा फोटो उमटतो, पहारेकरी चेहरा ताडून पाहतो आणि यंत्र आवाज करतं. तो फोटो चढताना काढला होता तो यासाठीच. नवऱ्याचं कार्ड बायकोने टेकवलं तर लगेच कळतं. परतीच्या वेळेला बाहेर कोण उरलं याची यादी एका क्षणात निघते. मग ध्वनिक्षेपकावर नावं पुकारतात, केबिनमध्ये फोन करतात, दार वाजवतात, कारण कधी कधी स्कॅन चुकलेला माणूस आत झोपलेला असतो.

इतकं करूनही माणूस सापडला नाही तर जहाज जातं. बंदरातली जागा आणि जहाजाला बंदराबाहेर काढणारा पायलट ठरलेल्या वेळेचे असतात आणि पुढच्या बंदराची वेळही त्यावर बांधलेली असते. जाण्याआधी सुरक्षारक्षक त्या केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि बंदरावर कंपनीचं काम पाहणाऱ्या एजंटकडे देतात. म्हणजे धावत येणाऱ्या माणसाला धक्क्यावर पासपोर्ट हातात घेतलेला एजंट भेटला तर समजावं, आता पुढचं पाऊल विमानतळाकडे.

मार्च 2024 मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी असे मागे राहिले. खासगी सहलीहून परतायला उशीर झाला, तटरक्षकांच्या होडीतून ते जहाजापर्यंत गेले तरी आत घेतलं नाही. गांबियात जहाज गाठायचं ठरलं, पण ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये डाकारला ते चढले. खर्च असल्या वेळी प्रवाशाचाच.

हे टाळायला तीन गोष्टी पुरतात. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो आणि ती जहाजाच्या वेळेहून तासाने वेगळी असू शकते, जवळजवळ सगळे घोटाळे इथेच होतात. परतीची वेळ म्हणजे सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची, हे लक्षात ठेवून स्वतःची सहल त्याहून किमान दोन तास आधी संपवा. आणि दैनिक पत्रकावर एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढूनच उतरा. जहाजाच्या कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदराला स्वखर्चाने पोचवतं. ती सहल महाग असते त्यात याचेही पैसे असतात. दूरच्या ठिकाणी जायचं असेल तर मोजावेत. बंदराजवळच हिंडायचं असेल तर गरज नाही.

प्रश्न : आम्ही ज्या बंदरासाठी ही सहल घेतली तेच ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ वगळलं. नुकसानभरपाई मिळेल का? हे कोण ठरवतं?

कंपनीचा सुरक्षा विभाग आणि कप्तान मिळून ठरवतात. भरपाई बहुधा मिळणार नाही. बहुतेक सगळ्या तिकीट करारांत बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. त्या बंदराचे कर आणि शुल्क परत मिळतात, कंपनीकडून घेतलेली सहल असेल तर तिचे पैसे मिळतात. तुम्ही परस्पर ठरवलेल्या गाईडचे पैसे त्याच्या अटींवर. म्हणून परस्पर बुकिंग करताना ‘जहाज न आल्यास पूर्ण परतावा’ हे लेखी घ्या. क्रूझ बंदरांवरचे चांगले गाईड ते देतात. प्रवास विमा घेतला असेल तर बंदर चुकणं आणि युद्ध किंवा दहशतवाद या दोन्ही कलमांत काय लिहिलंय ते वेगवेगळं वाचा.

यामागची यंत्रणा अशी. 1 जुलै 2004 पासून आंतरराष्ट्रीय जहाजं आणि बंदरांसाठी आयएसपीएस नावाची संहिता लागू आहे. तिच्यात सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. पहिली रोजची. दुसऱ्या पातळीला जास्त बॅगा उघडून पाहतात, पाहुणे बंद होतात, पाण्याच्या बाजूलाही गस्त लागते, चढायला नेहमीहून वेळ लागतो. तिसरी पातळी म्हणजे धोका समोर उभा आहे. तेव्हा चढउतारच थांबू शकते. जहाज बंदराहून वरच्या पातळीवर राहू शकतं, खालच्या नाही. प्रत्येक जहाजावर यासाठी नेमलेला एक सुरक्षा अधिकारी असतो, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, एक बटण असतं जे दाबल्यावर जहाजावर काहीच वाजत नाही, किनाऱ्यावर मात्र संदेश जातो.

बंदर वगळण्यात धोका बहुधा जहाजाला नसतो, उतरून बसमध्ये बसलेल्यांना असतो. मार्च 2015 मध्ये ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयावर हल्ला झाला, त्यात दोन क्रूझ जहाजांवरून सहलीला आलेले प्रवासी मारले गेले. मोठ्या कंपन्यांनी लगोलग ट्युनिस आपल्या मार्गांतून काढलं. आणि 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर सुएझमार्गे जाणाऱ्या कित्येक क्रूझ रद्द झाल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. सुएझमधून जाणारी सहल घ्यायची असेल तर मार्ग बदलला तरी ती हवीच आहे का, हे स्वतःला विचारून मगच पैसे भरा.

प्रश्न : समुद्री चाच्यांची भीती कितपत खरी?

क्रूझसाठी फार थोडी. चाच्यांच्या होड्या लहान असतात. त्यांना संथ चालणारं, पाण्यालगत डेक असलेलं जहाज हवं असतं. क्रूझ जहाज 20 नॉटच्या (तासाला 20 सागरी मैलांच्या) आसपास धावतं आणि त्याची बाजू बहुमजली इमारतीसारखी उभी असते. नोव्हेंबर 2005 मध्ये सोमालियाजवळ सीबोर्न स्पिरिट या छोट्या क्रूझवर गोळीबार झाला, तेव्हा कर्णकर्कश आवाजाचा झोत सोडणारं यंत्र वापरून आणि वेग वाढवून ते निसटलं. धोक्याच्या पट्ट्यातून जाताना रात्री उघड्या डेकवरचे दिवे मालवतात, केबिनचे पडदे ओढायला सांगतात, खालचा फिरण्याचा डेक बंद ठेवतात आणि एक कवायत घेतात. त्या कवायतीत गॅलरी आणि खिडक्यांपासून दूर, आतल्या मार्गिकेत खाली बसायचं असतं. फोटो काढायला गॅलरीत जायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

प्रश्न : पहिल्याच दिवशी लाइफजॅकेटची कवायत केलीच पाहिजे का? सुट्टीचा अर्धा तास जातो.

केलीच पाहिजे. 13 जानेवारी 2012 ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. 32 माणसं गेली. 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं बंधनकारक आहे. हल्ली अनेक जहाजांवर फोनवर चित्रफीत पाहून संकटात आपण जमायचं त्या जागी जाऊन कार्ड टेकवलं की काम होतं, अर्धा तासही जात नाही. सात आखूड आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा संकेत लक्षात ठेवा. त्या जागेवरून केबिनकडे लिफ्ट न वापरता एकदा चालत जा.

प्रश्न : ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असूनही केबिन उघडून पाहिली. हे योग्य आहे का?

करारात मुभा असते. अनेक कंपन्यांत दिवसातून एकदा तरी कुणीतरी केबिन पाहून जातं. आत आजारी पडलेला माणूस, धूर, गळती आणि नको ती वस्तू, सगळं यातच कळतं. खटकलं तर गेस्ट सर्व्हिसेसला विचारा: इलेक्ट्रॉनिक कुलुपात कोणतं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद राहते. चोरीच्या तक्रारीतही पहिल्यांदा हीच नोंद मागावी.

प्रश्न : मुलगी मैत्रिणींबरोबर क्रूझला जाते आहे. काही वाईट प्रसंग आलाच तर पोलीस कोण?

जहाजावर पोलीस नसतात. कंपनीचे सुरक्षारक्षक असतात, त्यांत माजी सैनिक बरेच. ते माणसाला केबिनमध्ये डांबू शकतात आणि पुढच्या बंदरात उतरवू शकतात. तपास कुणाचा हे जागेवर ठरतं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत त्या देशाचा कायदा, भर समुद्रात जहाजावर ज्याचा झेंडा आहे त्याचा. झेंडा बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाचा असतो, कंपनी कुठलीही असो. अमेरिकी बंदरातून प्रवासी घेणाऱ्या जहाजांना 2010 चा एक कायदा लागू आहे. त्यानुसार गंभीर गुन्हे एफबीआयला कळवावे लागतात, केबिनच्या दाराला बाहेर पाहायचं भिंग लागतं, कठडा किमान 42 इंच म्हणजे जवळजवळ 107 सेंटिमीटर असावा लागतो, आणि लैंगिक अत्याचाराच्या तपासणीचं साहित्य व प्रशिक्षित माणूस जहाजावर ठेवावा लागतो.

तिला सांगून ठेवा: काही घडलं तर केबिनच्या फोनवरचा आपत्कालीन नंबर लावायचा. अंघोळ करायची नाही, कपडे बदलले तर धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. दवाखान्यात जायचं. सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी तक्रारीची प्रत घ्यायची आणि वेळ व डेक लिहून कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी करायची. चित्रण कायम राहत नाही, पुसलं जातं. त्याच दिवशी स्वतःच्या देशाच्या दूतावासाला आणि घरी कळवायचं. जहाजाचं इंटरनेट तेवढ्यापुरतं विनामूल्य मागता येतं, मागावं.

कठड्यावर बसून फोटो काढण्याबद्दलही तिला सांगा. कॅमेऱ्यात दिसलं की पुढच्या बंदरात उतरवतात आणि पुढे कायमची बंदी घालू शकतात. यात कंपन्या अजिबात दयामाया दाखवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

प्रश्न : मी एकटीच आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जाते आहे. वेगळे कागद लागतील?

बरोबर नसलेल्या पालकाचं संमतिपत्र, नोटरी केलेलं, त्यात जहाजाचं नाव आणि तारखा. मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखलाही. चढल्यावर लहान मुलांना बहुधा जमण्याच्या जागेचा क्रमांक असलेली मनगटपट्टी देतात, ती पोहतानाही काढायची नाही. मुलाच्या कार्डाने त्याला एकट्याला उतरता येत नाही.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सकाळी सातला जहाज लागतं. साडेदहाचं विमान धरता येईल का?

नका धरू. सातला लागतं म्हणजे सातला दोर बांधले जातात. त्यानंतर इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी परवानगी देतात तेव्हा पहिला माणूस उतरतो. मोठ्या बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवलेल्या असतात आणि रंगीत टॅगच्या क्रमाने गोदामात लावल्या जातात. तुमचा रंग पुकारला की निघायचं. घाई असेल तर सगळं सामान स्वतः उचलून पहिल्या तुकडीत उतरण्याची नोंद आदल्या दिवशी करा, एरवी हातातल्या बॅगेत दुपारचे कपडे व औषधं राहू द्या. काही अमेरिकी बंदरांवर आता चेहरा ओळखणारे कॅमेरे असल्याने रांग लवकर सरकते. तरी एक प्रवासी पासपोर्टच्या रांगेत अडला किंवा केबिनमध्ये झोपून राहिला तर मागचं सगळं थांबतं, कारण आतली प्रवासीसंख्या शून्यावर आल्याशिवाय नव्यांना चढवता येत नाही. ओळीने दोन सफरी घेतलेल्यांनाही बहुधा थोडा वेळ बाहेर येऊन परत स्कॅन व्हावं लागतं. फळं, मांसाचे पदार्थ किंवा रोपं घेऊन उतरू नका. जहाजावर नाश्त्याला उचललेलं सफरचंदही दंडाला कारण ठरू शकतं.

विमान दुपारी एकनंतरचं घ्या. विमानतळ बंदरापासून दूर असेल तर तीननंतरचं.